शिफ्टचा तक्ता बघा, मग बीगल आणा

पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यात राहणाऱ्या आणि मुलांच्या हट्टापायी बीगल क्रॉस घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींना एक विनंती आहे. पिल्लाचे फोटो बघण्याआधी घरातल्या शिफ्टचा तक्ता बघा. कोण फर्स्टला, कोण नाईटला, कोण पहाटेच्या लोकलने मुंबईकडे, आणि भर दुपारी घरात कोण? उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर हे कुत्रं तुमच्यासाठी नाही. ते गोंडस असतं, पोराबाळांत रमतं, अंगावर धावून जाणं त्याच्या स्वभावात सहसा नसतं, हे सगळं खरं. पण इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी टोळीटोळीने पळवण्याकरता ही जात तयार झाली. त्याला सोबत लागते. एकटं कोंडलं की ते मान वर करून लांबलचक सूर लावतं, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये एखादा ऑपरेटर नाईट उरकून नुकता आडवा झालेला असतो. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, हे पशुकल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे. तो कागद शेजाऱ्याच्या तोंडावर फडकवून त्याची झोप मात्र परत येत नाही.

भुंकतं म्हणून गॅलरीत साखळीला बांधून टाकणं हा उपाय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ एकदा वाचा. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने फिरवलं नाही, तर तोही गुन्हाच आहे.

आता 'क्रॉस' म्हणजे नेमका कशाचा, हे विचारा. आईबाप निदान एकदा डोळ्यांनी बघा. लॅब्रॅडॉरशी झालेला असेल तर दहा-बारा किलोचं होईल म्हणून आणलेलं पिल्लू वर्षभरात त्याच्या दुप्पट होतं. गावठीशी झालेला असेल तर मी म्हणेन उत्तम, आपल्या दमट हवेत असं पिल्लू बहुधा काटक निघतं. आठ आठवड्यांच्या आतलं किंवा लस न दिलेलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. तेव्हा महिन्याभराचं पिल्लू कोणी पिशवीतून आणून स्टेशनबाहेर हातात देत असेल, तर कीव आली तरी पैसे देऊ नका. त्याची आई दरवर्षी विणार ती अशाच पैशांवर.

खरी गोष्ट नाकाची. वाऱ्यावर सातपाटीकडचा वास येतो, तेव्हा आपण फार तर 'बोंबील सुकत घातलेत' म्हणतो. बीगलला त्यातलं काय काय कळत असेल कोण जाणे. किनाऱ्यावर जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगेखालून त्याला घेऊन जा आणि बघा: शेपटी ताठ, नाक वाळूला टेकलेलं, कान पुढे लोंबतात, आणि तुम्ही नावाने ओरडलात तरी त्याला ऐकू येत नाही. त्या क्षणी ते उद्धट झालेलं नसतं, कामावर असतं. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानात लपवलेली फळं आणि मांस हुडकायला बीगल नेमलेत, ते याच नाकाच्या जोरावर. म्हणून केळव्याला किंवा चिंचणीला मोकळं सोडू नका, लांब दोरी लावा. एमआयडीसीच्या रस्त्यावर तर पट्टा हातातून सुटताच कामा नये. वासामागे निघालेल्या कुत्र्याला समोरचा टँकर दिसत नाही.

या नाकाला रोज काम द्या. फिरायला नेलं की ओढत नेऊ नका, हुंगू द्या. वीस मिनिटं हुंगत चाललेलं कुत्रं तासभर नुसतं पळवलेल्यापेक्षा शांत झोपतं. पावसाने बाहेर पडता येत नसेल तर जुन्या चादरीची घडी घालून घडीघडीत रोजच्याच खाण्याचे दाणे लपवा. घरातल्या आजीला हा खेळ शिकवून ठेवला, तर दुपारचा प्रश्न बराचसा सुटतो.

दाणे रोजच्याच वाट्यातले म्हटलं, कारण हे कुत्रं खादाड. प्रत्येकजण एकेक बिस्कीट टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत पुडा संपतो. बरगड्यांवरून बोटं फिरवा. त्या हाताला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा आणि शिजवलेली हाडं त्याच्या आवाक्यात नकोत. दिवाळीत फराळाचे डबे फडताळात वर, आणि फडताळाला कडी. खारवलेलं सुकटही नको, कितीही लाळ गाळली तरी.

पावसाळा आपल्याकडे जूनमध्ये सुरू होतो आणि लोंबते कान तेव्हाच चिघळतात. आत हवा जात नाही, ओल राहते. आठवड्यातून दोनदा कान उलटून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा सारखं डोकं झटकणं दिसलं तर घरगुती तेल ओतू नका, डॉक्टरांकडे न्या. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या घडीत गोचीड शोधा; गोचीडतापाने चांगलं धडधाकट कुत्रं चार दिवसांत लोळागोळा होतं. उंदरांच्या मुतापासून होणाऱ्या लेप्टोची लस डॉक्टरांना विचारून घ्या. आणि औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात त्याला उतरू देऊ नका. तिथल्याच सांडपाण्यावरून मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं, तेव्हा ते पाणी कसं आहे हे वेगळं सांगायला नको. तरीही पाय भिजलेच, तर चाटायच्या आत धुवा.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग दरवर्षी. घरचंच कुत्रं आहे म्हणून ओरखडा अंगावर काढू नका: पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नसबंदीही वेळेवर करा.

मुलांच्या बाबतीत आईबापांना थोडं सांगायचं आहे. बीगल फार सोशिक. जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रयोगांसाठी हीच जात निवडली, त्याचं एक कारण हा सोशिकपणा. बंगळुरूच्या 'क्यूपा' संस्थेने प्रयोगशाळेतून सुटलेल्या अशा अनेक बीगलांना घरं मिळवून दिली. पिंजऱ्यात वाढलेल्या त्या कुत्र्यांना पायाखालचं गवतसुद्धा नवं होतं. तेव्हा तुमचं पोर कान ओढतंय आणि कुत्रं गप्प आहे, म्हणजे त्याला ते आवडतंय असं समजू नका. ओठ चाटणं, तोंड फिरवणं, उठून खाटेखाली जाणं ही त्याची 'पुरे' म्हणायची पद्धत. खाटेखालून त्याला कोणी ओढून काढायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

शेवटचं बदलीचं. अणुशक्ती केंद्र असो की कारखाना, आपल्याकडे क्वार्टर्स सुटतात, लोक गुजरातला जातात, गावी परततात. कुत्रं वॉचमनच्या भरवशावर सोडून जाऊ नका. त्याला उपाशी टाकणं हासुद्धा त्याच कलम ११ खाली गुन्हा. लांब पल्ल्याच्या गाडीत त्याला पार्सल ऑफिसमधून बुकिंग करून गार्डच्या डब्यातल्या पेटीत किंवा एसी फर्स्टच्या पूर्ण आरक्षित कूपेमध्ये नेता येतं. लसीकरणाचं पुस्तक आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. नेणं शक्यच नसेल, तर ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात त्याच्यासाठी दुसरं घर शोधायला लागा. मोठ्या झालेल्या कुत्र्याला ते मिळायला वेळ लागतो.