उसनी समाधी आणि स्वयंभू गंधार

२४ ऑक्टोबर १९९५. आश्विन अमावास्येचा दिवस. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात सकाळच्या प्रहरी सूर्य पूर्णपणे झाकोळला गेला. भारतातून हे खग्रास ग्रहण पाहणाऱ्यांत दोन परदेशी संगीतकार होते. एक इंग्लंडचा सायमन पॉसफर्ड आणि दुसरा ऑस्ट्रेलियात जन्मलेला बासरीवादक रोनाल्ड रॉथफील्ड. या अनुभवातून सुमारे वीस मिनिटांची एक रचना आकाराला आली. 'आणि दिवसाची रात्र झाली' असा तिच्या नावाचा अर्थ. 'श्पाँगल' या नावाने दोघांनी १९९८ साली काढलेल्या 'आर यू श्पाँगल्ड?' या अल्बमची सांगता याच रचनेने होते. हा अल्बम 'सायकेडेलिक अँबियंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकारातील गाजलेली कृती मानला जातो.

ग्रहणकाळ हा आपल्याकडे जपाचा, अंतर्मुख होण्याचा काळ. परदेशी कलावंतांनाही तेथे काही अलौकिक जाणवावे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या जाणिवेचे पुढे काय झाले, हे हा अल्बम लक्षपूर्वक ऐकल्यावर कळते.

अल्बममध्ये सात रचना आहेत आणि तासाभराहून अधिक काळ त्या एकमेकींत मिसळत जातात. संथ ठेका, दुरून यावी तशी बासरी, मानवी आवाजांचे तुकडे आणि या साऱ्याखाली संगणकाने विणलेले नादाचे दाट आवरण. त्यामागे कष्ट आणि कल्पकता आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. डोळे मिटून ऐकणाऱ्याचे देहभान काही काळ हरपते. मात्र हे हरपणे कोणत्या दिशेने न्यायचे, हे रचनांची शीर्षकेच सांगून जातात. एका रचनेच्या नावाचा अर्थ 'सत्याचे दिव्य क्षण' असा आहे; पण त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवली की 'डीएमटी' हे एका भ्रमकारक अमली द्रव्याचे नाव तयार होते. सत्याच्या दर्शनाचा मार्ग रसायनातून जातो, असे सुचवणारा हा शब्दखेळ आहे.

उगम कोठे?

हे संगीत संपूर्णपणे पाश्चात्त्य आहे, असा समज असेल तर तो चुकीचा ठरेल. ज्या अखंड आधारस्वरावर अँबियंट संगीताची फार मोठी इमारत उभी आहे, त्याच्या मुळाशी तानपुरा आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन संगीतकार ला माँट यंग याने उस्ताद अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि तिच्यातील तानपुऱ्याने त्याला झपाटले. १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले. यंग आणि टेरी रायली यांनी त्यांचे रीतसर शिष्यत्व पत्करले. ट्रंपेटवादक जॉन हॅसेल हाही त्यांच्याकडेच शिकला आणि १९८० साली त्याने ब्रायन इनोबरोबर एक अल्बम केला. 'अँबियंट' हे नाव संगीतात रूढ करणारा तो हाच इनो. या शिष्यांनी गुरूचे ऋण कधी लपवले नाही, ही त्यांची सचोटी.

पुढच्या वाटेवर मात्र गुरू मागे पडला आणि केवळ वेष उरला. रॉथफील्ड १९६९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'क्विंटेसन्स' या वाद्यवृंदात होता. तेथील कलावंतांनी राजा राम, शिव शंकर, महादेव अशी नावे धारण केली होती. रॉथफील्ड आजही 'राजा राम' या नावानेच ओळखला जातो. जे नाम कोट्यवधी हिंदूंच्या ओठी श्रद्धेने येते, ते मद्यधुंद रात्रींच्या जाहिरातींवर झळकावे, याचे वैषम्य कोणाला वाटले तर त्याला संकुचित कसे म्हणावे?

केसरबाईंचा गोवा

याहून मोठी हानी गोव्याच्या वाट्याला आली. हणजूणच्या किनाऱ्यावरील रात्रींतून 'गोवा ट्रान्स' हा प्रकार नव्वदच्या दशकात जगभर पसरला. परिणामी जगाच्या संगीतबाजारात 'गोवा' हा शब्द एका नशिल्या ठेक्याचे नाव होऊन बसला. वास्तविक गोवा ही केरीच्या केसरबाई केरकरांची, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांची आणि मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची भूमी. १९७७ साली व्हॉयेजर यानातून मानवजातीचा नाद अंतराळात पाठवला गेला, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. तारामंडळाकडे निघालेला गोव्याचा सूर कोणता आणि पृथ्वीवर गोव्याच्या नावाने विकला जातो तो कोणता, ही विसंगती मनाला बोचणारी आहे.

केसरबाईंनी उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली. त्या मार्गात आडवाटा नव्हत्या. उसन्या समाधीची गोष्ट वेगळी. ती विकत मिळते, रात्रभर टिकते आणि सकाळी माणसाला होता तेथेच, बहुधा काहीसे रिते करून, सोडून जाते.

दोष केवळ परक्यांचा?

पण परक्यांना दूषणे देऊन हा विषय संपत नाही. वीस मिनिटांची एक रचना डोळे मिटून ऐकणारा श्रोता त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे तो किती उरला आहे? गणरायाच्या विसर्जन मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या डीजेच्या भिंती कोणी परकीयांनी उभ्या केलेल्या नाहीत. श्रवणाला साधनेची पहिली पायरी मानणाऱ्या समाजानेच आपले कान बधिर करून घेतले आहेत.

मिरजेचे उदाहरण पाहावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी किराणा घराण्याचा सूर या गावी रुजवला. येथील कारागीर पिढ्यान् पिढ्या मंगळवेढा-पंढरपूर परिसरातील भोपळ्यांतून तानपुरे घडवत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा गौरव यथोचितच आहे. मात्र मानांकनाने वाद्याला कागदोपत्री संरक्षण मिळते, श्रोता मिळत नाही. खोक्यातील विजेचा आणि आता भ्रमणध्वनीतील तानपुरा सोयीचा ठरला; पण भोपळ्यातून घुमणाऱ्या नादाची सवय कानांना उरली नाही, तर त्या कारागिरांची कला कोणासाठी टिकायची?

उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यात एक नवल घडते. तारा असतात पंचम आणि षड्जाच्या. जवारी नीट लागली आणि मन स्थिर झाले की खर्जातून हळूहळू गंधार उमटू लागतो. कोणतीही तार त्या स्वराला लावलेली नसते. म्हणूनच त्याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात. तो ऐकण्यासाठी कोणतेही द्रव्य लागत नाही; लागतो तो निवांतपणा, सराव आणि गुरूने वळवलेला कान. 'दिव्य क्षण' शोधत जे युवक सागरकिनारी रात्री जागवतात, त्यांना ही अनुभूती कोणी कधी घडवली आहे काय?

म्हणून या संगीतावर बंदीची मागणी करण्यापेक्षा वेगळे काम हाती घेतले पाहिजे. शाळांनी, गणेशोत्सव मंडळांनी, संस्कारवर्गांनी वर्षातून एकदा तरी मुलांना खऱ्या तानपुऱ्यासमोर दहा मिनिटे शांत बसवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी एखादा राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत नातवंडांसह ऐकावा. ज्याच्या कानाने एकदा तो गंधार टिपला, त्याच्यापुढे श्पाँगलचा अल्बम लावला तरी भय नाही. त्यातील आपले काय आणि उसने काय, हे तो स्वतःच सांगेल.