चाळिशीतल्या नवरीचा साजशृंगार



लग्नसराई तोंडावर आली की नवरीच्या साजशृंगारावर पुष्कळ लिहिले जाते. पण ते सारे असते विशीतल्या मुलीसाठी. आपल्या खेड्यापाड्यांतून आता निराळ्याही नवऱ्या बोहल्यावर उभ्या राहू लागल्या आहेत. धाकट्या भावंडांची शिक्षणे नि लग्ने उरकता उरकता स्वतःची पस्तिशी कधी उलटली हे जिला कळलेच नाही, ती एक. नवरा ऐन उमेदीत गेला आणि मुले हाताशी आल्यावर सासरच्यांनीच जिचा संसार पुन्हा मांडून दिला, ती दुसरी. शिवाय नवरीची आई, वरमाई, थोरली जाऊ याही फोटोत असतातच. आजचे हे चार शब्द त्यांच्यासाठी.

यांच्यापैकी कोणी आरशासमोर घटकाभर जास्त बसली की मागून आवाज येतो, "आता या वयात कशाला गं नटायचं?" जिला पहाटे उठून भाकऱ्या थापून दिवसभर ज्वारी काढायला जाता येते, तिचे पावडर लावायचे वय तेवढे निघून जाते, हे मला कधी उमगले नाही.

मात्र एक खरे. विशीतल्या मुलीला शोभणारा मेकअप चाळिशीत तसाच थापला तर तो वय झाकत नाही, उलट चव्हाट्यावर मांडतो. वय वाढते तसे कातडीतले तेल कमी होते आणि ती पातळ, कोरडी होते. पाळी जायच्या सुमारास हा फरक फार लवकर दिसू लागतो. त्यात आपले अर्धे आयुष्य उन्हात गेलेले असते. कोरड्या कातडीवर पावडर मारली की ती डोळ्यांखालच्या नि ओठांभोवतीच्या बारीक रेषांत जाऊन बसते, आणि ज्या रेषा एरवी कोणाच्या ध्यानातही आल्या नसत्या त्या पांढऱ्या होऊन उठून दिसतात.

म्हणून आधी ओलावा, मग रंग. तोंड कोमट पाण्याने धुऊन ते ओलसर असतानाच साधे क्रीम लावावे आणि दहा मिनिटे थांबावे. ओठांना तूप लावावे. त्यानंतर फाउंडेशन लावायचे असेल तर हाताच्या बोटाने, अगदी थोडे. त्याचा रंग मनगटावर पाहून ठरवू नये, जबड्याच्या कडेला लावून अंगणातल्या उजेडात पाहावा. शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा, मान आणि ब्लाउजच्या बाहीखालचा दंड या तिन्हींचे रंग वेगळे असतात. चेहरा गोरा आणि मान सावळी असे झाले की तो मुखवटा वाटतो. पावडर फक्त नाकाला, कपाळाला नि हनुवटीला, जिथे घाम येतो तिथे. डोळ्यांखाली नको. काजळाची बारीक रेघ वरच्या पापणीला द्यावी. खालच्या पापणीला भरलेले काजळ घामाने उतरते आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. लिपस्टिक विटकरी किंवा डाळिंबी रंगाची, चमक नसलेली घ्यावी. चष्मा असेल तर तो घालूनच बसावे. फोटोपुरता काढला की नाकावरचे वण दिसतात आणि नवरी डोळे बारीक करून बघते!

मिश्री लावणाऱ्या बायकांना एक सांगते, राग मानू नका. काळ्या पडलेल्या दातांना नि हिरड्यांना कोणतीच लिपस्टिक झाकत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरला तिचेही निमंत्रण असते. लग्नाच्या निमित्ताने सुटली तर बरेच.

आता कुंकवाविषयी. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि लग्ने नेमकी त्याच दिवसांत. घामाने कुंकू नाकावर ओघळते. आपल्या आज्या आधी कपाळावर मेणाचा बारीक गोल लावीत आणि त्यावर कुंकू टेकवीत. ते दिवसभर हलत नसे. आजही याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

टिकलीचे मात्र जपून. टिकलीमागच्या डिंकात एक रसायन असते. काही जणींच्या कातडीला ते सोसत नाही. आधी खाज, मग टिकलीच्या जागी पांढरा डाग. गावात लगेच 'कोड फुटले' अशी कुजबूज होते. हा डाग संसर्गाने पसरत नाही. खाज सुटताच टिकली बंद करावी आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याच जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेले आहे. आणि ज्या करमाळ्यातून असे कुंकू राज्यभर जाते, त्याच करमाळ्यातून अलीकडे एक मोठी गोष्ट सुरू झाली. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी, नवऱ्याच्या चितेपुढे बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, या रूढी थांबाव्यात म्हणून गावोगावी सांगायला सुरुवात केली. आपल्या मागे आपल्या पत्नीच्या वाट्याला हे येऊ नये, असे त्यांनी स्वतः लिहूनही ठेवले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने तसा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले.

साजशृंगाराच्या सदरात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण दुसरेपणाच्या नवरीला पावडर कोणती लावायची हा प्रश्नच मुळी नंतरचा. आधीचा प्रश्न असा की तिला चारचौघांत नटू द्यायचे की नाही. आपल्या बहुजन समाजात विधवेचा पाट लावण्याची चाल जुनी आहे, काही भागांत त्याला म्होतूर म्हणत. पण पाट लागायचा रात्री, अंधारात. सवाष्णी तिकडे फिरकत नसत. पांढरपेशांत तर तेही नव्हते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुण्यात विधवा गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे यांच्याशी, लग्न केले तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. आज कायद्याची आडकाठी नाही, फारसा विरोधही नसतो. तरी पुष्कळ घरांत असे लग्न 'साधेपणाने' म्हणजे दार लोटून उरकले जाते. हळद नाही, वाजंत्री नाही, मेंदी बोटभर.

माझे मत विचाराल तर हळद लावावी, आणि दिवसाउजेडी लावावी. पण या नवरीची कातडी कोरडी असते, म्हणून हळद नुसत्या पाण्यात न कालवता सायीत किंवा तिळाच्या तेलात कालवावी. चेहऱ्यावर ती फार वेळ वाळू देऊ नये. हिरवा चुडा भरताना कासाराला अंगासरशी बसतील अशा बांगड्या द्यायला सांगावे, कारण कामाने हाताची हाडे रुंदावलेली असतात आणि ओढून भरलेल्या बांगड्या टिचतात. साडी इरकल असो की पैठणी, जांभळा, डाळिंबी, गर्द हिरवा हे रंग सावळ्या, उन्हाने रापलेल्या कातडीला खुलवतात. फिके गुलाबी मात्र चेहरा ओढलेला दाखवतात.

यापुढचे नीट वाचा, आणि घरातल्या लेकीसुनांनाही वाचून दाखवा. लग्न ठरले की पंधरा दिवसांत गोरे करणाऱ्या क्रीमची डबी घरात येते. वय वाढलेली नवरी तर जास्तच घाबरलेली असते, वांग झाकायला ती काहीही लावायला तयार होते. २०२२ साली अकोल्यात एकाच घरातील आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघीही पार्लरमधून आणलेले एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी माग काढला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून महिनाभरात उजळल्यासारखे वाटते. पण तो कातडीतून अंगात मुरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. आपल्या देशात अशा क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे. तरीही चोरून विकले जाते.

डबी ओळखायची कशी? कारखान्याचे नाव, पत्ता आणि घटकांची यादी नसेल तर ती हातात धरू नये. यादीत मर्क्युरी किंवा कॅलोमेल असे काही लिहिले असेल तर तोच पारा. आणि 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असली तर खुशाल समजावे की आत पारा असू शकतो.

दुसरा प्रकार मेडिकलमध्ये ट्यूबमधून मिळतो. त्यात स्टेरॉइड असते. खाजेसाठी डॉक्टर थोडे दिवस देतात ते औषध बायका महिनोन्महिने तोंडाला चोळतात. चेहरा आधी उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, लाल पडते, लव वाढते. सोडले तर आग होते, म्हणून सोडवत नाही. शेजारणीने सांगितलेली ट्यूब कधीही आणू नये. वांगावर खरा इलाज म्हणजे ऊन टाळणे. शेतात जाताना पदर कपाळावर पुढे ओढून त्यावर टॉवेल घ्यावा. महिनाभर आधीपासून हे केले तरी फरक दिसतो.

केस रंगवायचे असतील तर लग्नाच्या दोन आठवडे आधी रंगवावेत. पाकिटातल्या काळ्या मेंदीतही बहुधा रसायनच असते. खऱ्या मेंदीचा रंग तांबडा उतरतो, काळा कधीच नाही. थेंबभर कालवून कानामागे लावावे आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा पुरळ आली तर ते पाकीट बाजूला टाकावे. ही काळजी न घेतल्याने हळदीच्या दिवशी डोळे सुजून मिटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. थोडे रुपेरी केस दिसले तर दिसू द्यावेत. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आला की तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

राहता राहिले हातपाय. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत काम करणारी असो की माळशिरसला उसात, टाचा भेगाळलेल्याच असतात. रात्री पाय गरम पाण्यात बुडवून, पुसून, आमसुलाचे तेल भेगांत भरावे आणि जुने मोजे घालून झोपावे. तीन आठवड्यांत जोडवी घालायला पाय तयार होतात.

लग्नाच्या रात्री कितीही थकवा असला तरी तोंड तसेच ठेवून झोपू नये. चमचाभर खोबरेल तळहातावर घेऊन हलके चोळावे, जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसावे, मग साबण न लावता कोमट पाण्याने धुवावे. काजळ पुसताना पापणी ओढू नये, तिथली कातडी सर्वांत नाजूक असते.