तार्तिफ्लेत : चाळीस वर्षांची ‘प्राचीन’ परंपरा

१/ फ्रेंच आल्प्समधील स्कीइंगच्या गावांत हिवाळ्यात एक पदार्थ हमखास मिळतो. पसरट मातीच्या भांड्यात बटाटे, कांदा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे आणि वर वितळून सोनेरी झालेले चीज. भांडे भट्टीतून थेट टेबलावर येते आणि सारे जण त्यातूनच वाढून घेतात. याचे नाव तार्तिफ्लेत. डोंगरी शेतकऱ्यांचे पूर्वापार अन्न अशी त्याची ओळख करून दिली जाते.

२/ वास्तविक हा पदार्थ या नावाने लोकप्रिय झाला तो १९८०च्या दशकात. रब्लोशाँ चीजच्या उत्पादकांच्या संघटनेने चीजचा खप वाढावा म्हणून त्याचा पद्धतशीर प्रसार केला. म्हणजे स्की-पर्यटकाच्या ताटातील ही ‘शतकानुशतकांची’ परंपरा त्याच्या आईवडिलांच्या तरुणपणी आकाराला आली.

३/ तरीही तार्तिफ्लेतला ‘बनावट’ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. पदार्थ नवा असणे हा दोष नव्हे. दोष आहे तो त्याचे वय वाढवून सांगण्यात, कारण त्या वाढीव वयाखाली खरा आणि अधिक रोचक इतिहास गाडला जातो.

४/ तो इतिहास चीजच्या नावातच आहे. सॅव्हॉयच्या बोलीत ‘रब्लोशे’ म्हणजे गाईची कास पुन्हा पिळणे. मध्ययुगात डोंगरावरील कुरणे जमीनदारांची आणि मठांची असत, आणि कुरणाचा खंड दुधाच्या उत्पन्नावर ठरे. प्रचलित वर्णनानुसार, मोजणीच्या दिवशी शेतकरी गाय पूर्ण पिळत नसे. मोजणारा परतला की दुसरे दोहन होई.

५/ हे मागाहून काढलेले दूध थोडे असे, पण त्यात स्निग्धांश अधिक. गाईच्या कासेतील शेवटचे दूध सर्वांत दाट असते, हे आपल्याकडील गवळ्यालाही ठाऊक आहे. त्या दुधापासून घरापुरते मऊ चीज होई. रब्लोशाँचा उगम हा असा खंड चुकवण्याच्या शहाणपणात आहे. राजाच्या मुदपाकखान्याशी त्याचा संबंध नाही.

६/ इथे बटाटा फार उशिरा आला. दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोहोचलेल्या या कंदाला सॅव्हॉयच्या बोलीत ‘तार्तिफ्ला’ म्हणत. इटालियनमधील ‘तार्तुफो’ (जमिनीखालील सुगंधी कवक) आणि जर्मनमधील ‘कार्टोफेल’ हे त्याचेच भाऊबंद. तार्तिफ्लेत हे नाव याच शब्दावर बेतलेले आहे.

७/ हा पदार्थ १७०५ सालच्या एका दरबारी पाककृतीग्रंथात आहे, असा दावा वारंवार केला जातो. तो पटण्याजोगा नाही. त्या काळी फ्रेंच दरबारी पाकशास्त्रात बटाट्याला स्थानच नव्हते. पार्माँतिए या औषधशास्त्रज्ञाला १७७०च्या दशकापासून पुढे बटाट्याची भलामण करत फिरावे लागले, ते लोक त्याला गुरांचे खाद्य समजत म्हणूनच. शिवाय सॅव्हॉय फ्रान्समध्ये कायमचे सामील झाले ते १८६० साली.

८/ मग तार्तिफ्लेत निव्वळ जाहिरात आहे का? तसेही नाही. तिच्यामागे ‘पेला’ नावाचा खराखुरा ग्रामीण पदार्थ आहे. लांब दांड्याच्या तव्यात बटाटे आणि कांदे परतायचे, वर रब्लोशाँ वितळू द्यायचे. पेला हे नाव त्या तव्याचेच. चुलीवरचा हा पदार्थ भट्टीत गेला आणि त्यात मांस व वाइन आली, तेव्हा तार्तिफ्लेत तयार झाली.

९/ हा बदल घडवला तो बर्फाने. शामोनी येथे १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. महायुद्धानंतर, विशेषतः १९६०च्या दशकात सरकारी योजनांतून, डोंगरमाथ्यावर स्कीइंगची नगरेच वसवली गेली. थंडीने गारठलेल्या, भुकेल्या आणि गटाने आलेल्या शहरी पाहुण्याला गरम, पोटभरीचे, वाटून खाण्याजोगे आणि ‘गावचे’ वाटणारे अन्न हवे होते. संघटनेने नेमकी हीच गरज हेरली.

१०/ कृती सोपी आहे. किलोभर बटाटे सालासकट अर्धवट उकडून सोलावेत व जाड कापावेत. दोन कांदे आणि सुमारे २०० ग्रॅम मांसाचे तुकडे परतून त्यात सॅव्हॉयची पांढरी वाइन थोडी आटवावी. सारे भांड्यात रचून, साधारण ४५० ग्रॅमचे अख्खे रब्लोशाँ आडवे चिरून त्याच्या दोन्ही चकत्या साल वर ठेवून मांडाव्यात. २०० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे. साल काढू नये, स्वाद तिच्यातच आहे.

११/ एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ हा ग्रंथ १९८३ साली आला. प्राचीन भासणाऱ्या अनेक परंपरा अलीकडे घडवलेल्या असतात, हा त्याचा गाभा. त्याच दशकात आल्प्समध्ये असे एक उदाहरण भट्टीत शिजत होते!

१२/ मराठी वाचकाने यावर हसण्यापूर्वी उपवासाच्या साबुदाणा खिचडीकडे पाहावे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला. म्हणून एकादशी खोटी ठरत नाही. पण खिचडीला ‘वेदकालीन’ म्हणणे मात्र खोटे ठरते.

१३/ वयाचा हा आग्रह निरुपद्रवी नसतो. रब्लोशाँला १९५८ सालापासून उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण आहे: ठरावीक प्रदेश, ठरावीक जातींच्या गाई, कच्चे दूध. आता दुकानांत ‘तार्तिफ्लेतसाठीचे चीज’ म्हणून पाश्चरित दुधाचे स्वस्त चीज विकले जाते. ज्या चीजच्या विक्रीसाठी पदार्थ रचला, त्याच चीजला तो पदार्थ आता पर्याय शोधून देतो. परंपरा कुणाचीच नाही, ती अनादि आहे, असे एकदा ठरले की तिच्यामागचे श्रम कुणाचे, हा प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

१४/ तेव्हा खाद्यपत्रिकेवर ‘पूर्वापार’ऐवजी खरे तेच लिहावे: जुने चीज, जुना तवा, नवा पदार्थ. याने चव उणावणार नाही. आणि ज्याला खरोखर जुने काही हवे असेल त्याने चीजवरची चकती पाहावी. लाल असेल तर ते डेअरीत केलेले. हिरवी असेल तर गोठ्याशेजारीच, त्या एकाच कळपाच्या दुधाचे, सकाळ-संध्याकाळ दोहनानंतर लगेच केलेले. खंड चुकवणाऱ्या त्या शेतकऱ्याचा खरा वारसा त्या हिरव्या चकतीपाशी आहे.