शिल्लक जुळते का, तेवढं सांगा

मोबाइलमधल्या पैशांच्या ॲपवर रंगीत वर्तुळ दिसलं की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाला आपण हिशोब ठेवतो असं वाटायला लागतं. खाणंपिणं हिरवं, प्रवास निळा, करमणूक जांभळी. 'या महिन्यात बाहेरचं खाणं फार झालं हं' असं एकदा म्हणायचं आणि ॲप मिटायचं. याला मी हिशोब म्हणत नाही. खात्यात आज किती असायला हवेत आणि किती आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांतला फरक शून्यावर आणणं, याला हिशोब म्हणतात. अकरावीच्या पुस्तपालनात बँक जुळवणी पत्रक शिकवतात. वाणिज्य शाखेची मुलं ते घोकून मार्क मिळवतात, नोकरीला लागतात आणि स्वतःच्या पगाराच्या खात्याला ते जन्मात एकदाही लावत नाहीत. विज्ञान शाखावाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

'कुठलं ॲप घेऊ?' असं मला विचारणाऱ्यांच्या अटी ठरलेल्या असतात. फुकट हवं आणि आपल्याला काही भरायला लागू नये. म्हणजे बँकेचे एसएमएस वाचून परस्पर नोंदी करणारं. पण ते एसएमएस तरी सगळे येतात का? एचडीएफसी बँकेने २५ जून २०२४ पासून शंभर रुपयांखालच्या यूपीआय खर्चाचे आणि पाचशेखालच्या जमेचे एसएमएस बंद केले. चहा, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी, झेरॉक्स, सगळं शंभराच्या आतलं. ॲपच्या लेखी तुम्ही ते खाल्लंही नाहीत आणि रिक्षात बसलाही नाहीत.

दुसरीकडे तेच ॲप काही खर्च दोनदा लावतं. क्रेडिट कार्डावर अठरा हजारांची खरेदी केलीत, प्रत्येक खरेदीचा संदेश आला, खर्च लागला. पुढच्या महिन्यात बचत खात्यातून कार्डाचं बिल भरलंत, त्याचाही संदेश आला, पुन्हा अठरा हजार लागले. अनेक ॲप्सना हे दुसरे अठरा हजार म्हणजे देणं फेडणं आहे, खर्च नव्हे, हे तुम्ही हाताने समजावेपर्यंत कळत नाही. गृहकर्जाच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, याचा त्यांना पत्ता नसतो. एसआयपीत घातलेले पैसे खर्चात जातात. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले की उत्पन्न वाढतं! या गतीने खाती वाढवत गेलं तर माणूस कागदोपत्री करोडपती होईल.

फुकट का मिळतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. वॉलनट नावाचं असंच एसएमएस वाचणारं ॲप आपल्याकडे चांगलं लोकप्रिय होतं. २०१८ साली ते कॅपिटल फ्लोटने विकत घेतलं. ही कंपनी कर्ज देण्याच्या धंद्यातली. पूर्वीच्या सावकाराला कुळाची घरची परिस्थिती काढायला गावात माणसं पेरावी लागायची. आता कूळच दर महिन्याला आपली वही त्याच्या पेढीवर नेऊन ठेवतं. पगार कधी होतो, किती होतो, वीस तारखेनंतर खात्यात काय उरतं, हे समजल्यावर 'पूर्वमंजूर' कर्जाचा निरोप नेमका कधी पाठवायचा, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

आता हुशार मंडळी सांगतात की एसएमएस जुना झाला, अकाउंट ॲग्रिगेटर आले. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली त्यांचे नियम केले आणि २०२१च्या सप्टेंबरात बँका त्यात उतरल्या. तुमच्या संमतीने बँकेतली माहिती कुलूपबंद अवस्थेत दुसऱ्या संस्थेकडे जाते, मधल्या ॲग्रिगेटरला ती वाचता येत नाही. व्यवस्था चांगली आहे, नाकारण्याचं कारण नाही. संमती किती दिवसांची, माहिती कितीदा नेणार, हे संमतीच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. अंगठा दाबण्याआधी तेवढं वाचावं. पण माझी तक्रार वेगळीच आहे. बँकेचाच आकडा आपोआप आणायचा आणि बँकेच्याच आकड्याशी ताडून बघायचा, यात जुळवायचं काय? तो जुळणारच. मेळ घालायला दोन स्वतंत्र वह्या लागतात, एक त्यांची आणि एक तुमची. तुमची वहीच नसेल तर बँक सांगेल ती शिल्लक.

आणि बँक काहीही सांगू शकते. माझ्या एका बँकेने मी कुठलाही अर्ज केलेला नसताना प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे ४३६ रुपये खात्यातून वळते केले होते. ते दिसले, कारण माझ्या वहीत ते नव्हते. पत्र दिल्यावर निमूट परत आले. रंगीत ॲपमध्ये ते 'इतर' नावाच्या करड्या फाकेत सुखाने नांदले असते, शेजारी एसएमएसचं शुल्क, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी. तिसऱ्याच कुणी पैसे काढले तर वेळही महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने सांगितलं की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही असा परस्पर व्यवहार झाला, तर सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोशीस नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर तोशीस मर्यादित, त्यानंतर बँकेचं धोरण. वर्षातून एकदा, जुलैत रिटर्न भरताना खातं उघडून बघणाऱ्यांना हे तीन दिवस कुठून सापडणार?

मी ग्नूकॅश नावाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतो. १९९८ पासूनचं, फुकट, द्विनोंदी पद्धतीचं, आपल्याच संगणकावर राहणारं आणि रूपाने कुरूप. जुळवणीच्या खिडकीत पत्रकाची तारीख आणि अखेरची शिल्लक घालायची, मग एकेका नोंदीवर खूण करत जायचं. खालचा फरक शून्यावर येईपर्यंत उठायचं नाही. तुम्ही हेच घ्या असं मी म्हणत नाही, एक्सेलमध्येही जमतं. पहिलं बघायचं ते हे की फरक पडला तर ॲप तो दाखवतं की झाकतं. कित्येक ॲप्समध्ये 'शिल्लक दुरुस्त करा' असं बटण असतं. एकशे सत्तर रुपये जुळत नाहीत? दाबा, जुळले! दुकानाच्या मुनिमाने असं केलं असतं तर शेटजींनी त्याला संध्याकाळी घरी पाठवलं असतं. आपण मात्र या सोयीला पाच तारे देतो.

दुसरं, नोंदी साध्या फाइलीत बाहेर काढता येतात का, तेही बघा. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये मिंट हे हिशोबाचं ॲप वापरणारे पुष्कळ होते. इंट्युइट कंपनीने ते २००९ साली घेतलं आणि २०२४च्या मार्चमध्ये बंद केलं. ग्राहकांना आपल्याच क्रेडिट कर्मा या दुसऱ्या सेवेकडे जा म्हणून सांगितलं. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री तर २००९ सालीच थांबली होती. वर्षानुवर्षांच्या नोंदी कंपनीच्या मर्जीवर टांगून ठेवणाऱ्यांना मग धावपळ करावी लागते.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा हमखास विचारतो की भाजीच्या पैशांची नोंद त्यात आपोआप होते का. नाही होत. भाजी तुम्ही आणलीत, तुम्हीच लिहा.