अनेक कंठ, एक सूर

१७ सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी तीन प्रसंग जुळून आले: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, गणेशविसर्जन आणि दशलक्षण पर्वाच्या सांगतेची अनंत चतुर्दशी. परभणी, जिंतूर, सेलूसारख्या गावांत अशा दिवशी समाज एकत्र येतोच. परंतु एकत्र येणे निराळे आणि एका सुरात येणे निराळे.

हे दुसरे कार्य ज्यांनी निष्ठेने केले, ते संगीतकार वसंत देसाई. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांसाठी त्यांनी स्वरबद्ध केलेल्या प्रार्थना शाळाशाळांतून गायिल्या जाऊ लागल्या. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या ‘मैत्रीं भजत’ या गीताची चालही त्यांचीच. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी शाळकरी मुलांच्या मोठ्या समुदायांना समूहगान शिकविले.

समूहगानाचे काही नियम आहेत. स्त्रियांची पट्टी साधारणतः पुरुषांहून उंच असते. म्हणून सर्वांना झेपेल असा मधला स्वर निवडावा, ध्रुवपद सर्वांनी म्हणावे आणि कडवी आळीपाळीने घ्यावीत. गाताना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर आपलाच आवाज चढला आहे असे समजावे. दुसऱ्याच्या सुराला जागा देणारा हा नियम अनेकान्ताचे तत्त्व जाणणाऱ्या श्रावकांना परका वाटू नये.

पूजेतील अष्टद्रव्यांची पदे आपल्याकडे पूर्वापार मिळूनच म्हटली जातात. मिरवणुकीत मात्र भाड्याचा ध्वनिसंच लागतो आणि शेकडो कंठ मुके होतात. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी आजारी वृद्ध, तान्ही बालके आणि मुकी जनावरे यांना होणारी पीडा अहिंसेच्या जयघोषाशी विसंगतच ठरते.

येत्या महावीर जन्मकल्याणकापूर्वी पंधरा दिवस, दुकाने वाढविल्यावर रोज अर्धा तास मंदिराच्या सभागृहात सराव करता येईल. पेटी, तबला आणि मंजिरी एवढी साथ पुरे. जुन्या पदांच्या चाली ज्या आजींना मुखोद्गत आहेत, त्यांना पुढे बसवावे आणि नातवंडांनी त्यांच्यामागून म्हणावे. त्या चाली कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्या शिकून घेण्याचा काळ आजी गात आहेत तोवरच आहे.