नेमकेपणाला श्रीमंती लागत नाही

सॅव्हेज ॲक्सिस ही रायफल अमेरिकेत साधारण चारशे-पाचशे डॉलरला मिळते. दिसायला ती अगदी साधी आहे. दस्ता प्लॅस्टिकचा आणि बोटांनी वाजवला तर पोकळ वाटणारा, धातूवर झिलई नाही, आणि नळी जिथे धडात शिरते तिथे एक जाड नट उघड्यावरच. पण जाड नळीची, .२२३ रेमिंग्टन काडतुसाची ॲक्सिस घ्या, चांगली दुर्बीण बसवा, १०० यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकवून शांतपणे पाच गोळ्या मारा. पाचही छिद्रं साधारण इंच ते दीड इंचात बसतात. कारागिराकडून मापानुसार बनवून घेतलेली रायफल हेच काम अर्ध्या इंचात करते, पण तिची किंमत या रायफलच्या आठ-दहापट असते. त्या जादा पैशांतून जेमतेम अर्ध्या ते एक इंचाचा फरक पदरात पडतो.

नेमबाजीवर लिहिताना एक प्रश्न सतत समोर येतो: चांगलं हत्यार परवडत नसेल तर या खेळाकडे वळावं का? त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या या स्वस्त रायफलींची कहाणी फार उपयोगी पडते, म्हणून आज ती सविस्तर सांगतो.

साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना, नेब्रास्का या गवताळ राज्यांतल्या पशुपालकांना प्रेअरी डॉग नको असतात. हा खारीच्या कुळातला, बिळांत राहणारा, किलोभर वजनाचा प्राणी. शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांना कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा त्रास, तर पूर्वेकडच्या शेतांत वुडचक हा खारीच्याच कुळातला प्राणी पिकं खातो. अशा उपद्रवी प्राण्यांसाठी तिकडे लहान व्यासाच्या, वेगवान गोळीच्या रायफलींची एक वेगळी जातच तयार झाली. बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला प्रेअरी डॉग रुंदीला आठ-दहा सेंटीमीटर असतो आणि माणूस दिसला की दोनशे-तीनशे यार्डांच्या आत येऊ देत नाही. रायफल १०० यार्डांवर एका इंचात मारत असेल, तर ३०० यार्डांवर तोच पसारा तीन इंचांचा, म्हणजे साडेसात सेंटीमीटरचा होतो. या कामाची गरज आणि स्वस्त रायफलची कुवत यांचा असा अगदी काठावर मेळ बसतो. हरणाच्या शिकारीला दोन-तीन इंच पसरवणारी रायफलही चालून जाते, इथे चालत नाही. म्हणून स्वस्त रायफलची खरी कसोटी याच वर्गात लागते.

काडतुसांचा इतिहासही याच गरजेतून घडला. १९३५ मध्ये आलेल्या .२२० स्विफ्टने गोळीचा वेग सेकंदाला ४,००० फुटांपलीकडे नेला. १९५० मध्ये रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन बनवलं आणि ते इतकं नेमकं निघालं की टेबलावर टेकवून मारण्याच्या अचूकतेच्या स्पर्धांवर त्याने अनेक वर्षं राज्य केलं. त्याच घराण्यातलं .२२३ रेमिंग्टन १९६४ मध्ये आलं. अमेरिकी सैन्याचं काडतूस त्याचंच सख्खं भावंड, त्यामुळे ते अफाट प्रमाणात तयार होतं आणि स्वस्त मिळतं. पुढच्याच वर्षी रेमिंग्टनने .२२-२५० बाजारात आणलं, जे हौशी मंडळी आधीपासून घरीच बनवत होती. त्याचा पल्ला जास्त, पण दारू जवळपास दीडपट लागते आणि नळी लवकर झिजते. परवडणं हाच निकष असेल तर माझं मत निःसंशय .२२३ ला.

आता रायफलकडे येऊ. सॅव्हेजची मॉडेल ११० ही रायफल निकोलस ब्रूअर यांनी रचली आणि ती १९५८ मध्ये आली. काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात बसलं की त्याचं बूड आणि बोल्टचं तोंड यांत किती फट राहावी, हे माप इंचाच्या काही हजारांश भागांत सांभाळावं लागतं. फट जास्त राहिली तर नेम बिघडतो आणि जिवालाही धोका. जुन्या पद्धतीत नळीला खांदा कापून, तो घासून, पुन्हा पुन्हा तपासून हे माप जुळवायचे. त्यात निष्णात कारागिराचे तास जात. ब्रूअर यांच्या रचनेत खांदाच नाही. कप्प्यात मापाचा गेज ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, नळी आट्यांवरून फिरवत गेजला टेकेपर्यंत आत न्यायची आणि बाहेरून नट आवळायचा. ज्या कामाला कसबी हात लागत, ते काम एका गेजने आणि एका पान्याने होऊ लागलं. ॲक्सिसवरचा तो दिसायला ओबडधोबड नट म्हणजे हाच. अमेरिकेतले कित्येक हौशी नेमबाज आज सॅव्हेजची झिजलेली नळी स्वतः घरी बदलतात.

दुसरी गोष्ट बोल्टच्या डोक्याची. सॅव्हेजमध्ये हे डोकं बोल्टच्या दांड्यापासून वेगळं, एका आडव्या पिनेवर किंचित हलतं ठेवलेलं असतं. बार होताना बोल्टला जागी अडकवणारे त्याचे दोन्ही दात आपोआप सारख्या दाबाने टेकतात. इतर रायफलींत हा समतोल साधायला दात हाताने घासावे लागतात. दोन्ही कल्पनांमागचा विचार एकच आहे: चूक कुठे शिरते ते ओळखायचं आणि तिथे महागड्या कौशल्याऐवजी रचनेलाच काम करू द्यायचं.

१९८८ मध्ये सॅव्हेजचं दिवाळं निघालं. कंपनी सावरायला आलेल्या रॉन कोबर्न यांनी बाकीची उत्पादनं बाजूला ठेवून मॉडेल ११० वर सगळा भर दिला. पुढे त्यांनी चापाच्या प्रश्नाला हात घातला. त्या काळात अपघात आणि कोर्टकज्जे यांच्या भीतीने कारखाने चाप मुद्दाम जड ठेवत. तीन-साडेतीन किलोची रायफल आणि चाप ओढायला जवळपास तेवढाच जोर, अशी स्थिती होती. बोट जोर लावतं, रायफल हलते आणि नळीत दडलेली अचूकता वाया जाते. २००२-०३ च्या सुमारास आलेल्या सॅव्हेजच्या अॅक्युट्रिगरमध्ये चापाच्या मधोमध एक पातळ पाती आहे. ती दाबल्याशिवाय रायफल झडत नाही, त्यामुळे चाप हलका करूनही सुरक्षितता टिकते, आणि तो किती हलका हवा ते मालक स्वतः ठरवू शकतो. थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांनाही अशाच रचना आणाव्या लागल्या. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रुगर अमेरिकन या स्वस्त रायफललाही पातीचा, हलका-जड करता येणारा चाप आहे, आणि दस्त्यात धड घट्ट बसावं म्हणून पोलादी व्ही आकाराचे ठोकळे आहेत. एका स्वस्त रायफलने बाजाराची पातळी वर नेली, हे मला सॅव्हेजचं सर्वांत मोठं काम वाटतं.

स्वस्ताईची किंमत कुठेच मोजावी लागत नाही, असं मात्र नाही. प्लॅस्टिकचा दस्ता लवतो. पुढे दोन पायांची टेकणी लावून जोर दिला तर तो नळीला टेकू शकतो, आणि टेकला की गोळ्या भरकटतात. बारीक नळी पाच-सात बारांत तापते आणि नेम सरकू लागतो. जाड नळी मुळात अधिक अचूक असते असा समज आहे. प्रत्यक्षात तिचा फायदा वेगळा: ती उशिरा तापते, वजनामुळे रायफल स्थिर राहते, आणि विसाव्या गोळीलाही पहिल्या गोळीसारखीच वागते. म्हणून बजेट ताणायचंच असेल तर ते जाड नळीसाठी ताणावं. देखण्या लाकडावर किंवा नक्षीवर नाही.

घेणाऱ्याने सर्वांत सावध राहावं ते जाहिरातीतल्या ‘एक इंच’ या दाव्याबद्दल. हा दावा बहुधा तीन गोळ्यांच्या गटावर केलेला असतो. गणित असं सांगतं की त्याच रायफलने, त्याच हाताने पाच गोळ्या मारल्या तर गटाचा सरासरी पसारा तीन गोळ्यांपेक्षा सव्वापटीहून थोडा अधिक भरतो, आणि दहा गोळ्या मारल्या तर दीडपटीहून जास्त. म्हणजे तीन गोळ्यांत एक इंच दाखवणारी रायफल दहा गोळ्यांत दीड इंचावर जाते. रायफल बिघडलेली नसते, पहिलं मोजमाप अपुरं असतं. शिवाय तीन-तीन गोळ्यांचे दहा गट मारून त्यातला सर्वांत लहान तेवढा छापायचा, ही सवय तर सरसकट आहे. पाच गोळ्यांचे पाच गट आणि त्यांची सरासरी, हाच प्रामाणिक पुरावा. विक्रेता तो देत नसेल तर दावा सोडून द्यावा.

खर्चाचा हिशेब मांडला की चित्र आणखी स्पष्ट होतं. काडतुसाला अर्धा डॉलर ते दीड डॉलर पडतो. हजार काडतुसं मारली की रायफलएवढे किंवा तिच्यापेक्षा जास्त पैसे नळीतून निघून गेलेले असतात. ३०० यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी साधारण २५ सेंटीमीटर बाजूला नेतो. प्रेअरी डॉगच्या रुंदीच्या अडीच ते तीनपट. दहापट महाग रायफलही हा वारा अडवू शकत नाही. तो ओळखायला सरावच लागतो, आणि सरावाला काडतुसं. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: रायफल स्वस्त घ्या, दुर्बिणीत कंजुषी करू नका आणि वाचलेला पैसा सरावावर घाला.

नेमकेपणाचा विषय निघाला की नेमाच्या पलीकडे उभ्या असलेल्या जिवाबद्दलही बोललं पाहिजे. गोळी दोन इंच चुकली की प्राणी जखमी होऊन बिळात जातो आणि तासन्‌तास तडफडतो. त्यामुळे जिथे प्राणी मारणं अटळ आहे, तिथे अचूकता ही नैतिक जबाबदारी ठरते. कळपातली कोकरं वाचवण्यासाठी कायोटीवर गोळी झाडणारा मेंढपाळ मला समजू शकतो. दिवसभरात शेकडो प्रेअरी डॉग केवळ करमणूक म्हणून टिपणं मला मान्य नाही. या प्राण्याच्या बिळांवर कितीतरी जीव जगतात. काळ्या पायांचं फेरेट तर जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून आहे. ते नामशेष झालं असं मानलं जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सी गावाजवळ पुन्हा सापडलं. शिवाय या वेगवान गोळ्या शरीरात फुटून शिशाचे कण मागे ठेवतात, आणि ते मृत प्राणी खाणाऱ्या गरुड-ससाण्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. बाकी राज्यांनीही तांब्याच्या गोळ्यांकडे वळायला हवं.

महाराष्ट्रात परवडणाऱ्या रायफलचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. आपला नेमबाज कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेम धरतो. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि १० मीटर एअर रायफलला तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. साध्या घरांतल्या मुलांना या खेळात पहिली अडचण येते ती पैशाची. स्पर्धेच्या रायफली प्रामुख्याने जर्मनीतून येतात, किंमत लाखांत असते, आणि काडतुसांचा खर्च वेगळा.

ऑलिंपिकच्या पातळीवर ती महागडी रायफल लागते, हे खरं आहे. पण शिकणाऱ्या मुलाला पहिली काही वर्षं तिची गरज नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ व्यासाच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे दार उघडं आहे. मुंबईजवळची, खोल छिद्रं पाडणारी यंत्रं बनवण्यात नाव कमावलेली प्रिसिहोल ही कंपनी एअर रायफलीही बनवते. चांगल्या नळीची सुरुवात सरळ, खोल छिद्रानेच होते, आणि ती विद्या आपल्या घरात आहे.

म्हणून देशी उत्पादकांना माझी विनंती आहे. जर्मन रायफलींचं रूप उतरवण्याच्या मागे लागू नका. चांगली नळी, हलका-जड करता येणारा चाप, न लवणारा दस्ता, एवढ्या तीन गोष्टी नीट करा, बाकी सगळं साधं ठेवा आणि प्रत्येक रायफलसोबत पाच गोळ्यांच्या पाच गटांचा खरा कागद द्या. जिल्हा संघटनांनी अशा रायफली घेऊन शाळांना वापरायला द्याव्यात. आणि पालकांना सांगणं इतकंच: मुलाला महागडी रायफल घेऊन देण्याआधी वर्षभराच्या छऱ्यांची आणि चांगल्या प्रशिक्षकाची सोय करा. गुण तिथूनच वाढतात.