पाहुणी पोरे

आमच्या आष्ट्यात शनिवार-रविवारी कॉलेजची मुले घेऊन कुठे बाहेर पडायचे म्हटले, की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, यात मार्क किती?" राष्ट्रीय सेवा योजना गांधी-शताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिला अर्धशतक उलटून गेले, तरी हा प्रश्न काही जुना होत नाही. यंदा पावसाळा सरता सरता एका स्वयंसेविकेचे आजोबा थेट घरीच आले. उसातला माणूस, बोलणे सरळ. "दोन दिवस पन्हाळा चढायचा, दुसऱ्यांनी टाकलेला कचरा वेचायचा आणि रात्री गाणी म्हणायची. ह्यात शिक्षण कुठलं, सर?"

मी चहा पुढे केला. चहा पुढे करणे हे मराठीच्या प्राध्यापकाचे पहिले उत्तर असते. दुसऱ्या उत्तरासाठी मला वळिवड्याची गोष्ट सांगावी लागली.

वळिवडे आपल्यापासून काही लांब नाही. वारणा ओलांडून वडगावावरून कोल्हापूरकडे गेले, की मिरजेच्या लोहमार्गावरचे हे गाव. 1943 साली तिथे अचानक एक परके नगर उभे राहिले. लांबच लांब बराकी, शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसे. माणसे म्हणजे बहुतेक बायका आणि मुले. 1939 च्या सप्टेंबरात पोलंडचा एक लचका हिटलरने तोडला, दुसरा स्टालिनने. पूर्वेकडच्या कुटुंबांना पुढच्या दोन वर्षांत आगगाडीत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पण जायचे कुठे? कास्पियन समुद्र ओलांडून इराण, आणि तिथून काही जण आपल्याकडे. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी काढली होती, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कोल्हापूर संस्थानातली ही मोठी वसाहत मात्र आपल्याच लोकांना फारशी ठाऊक नाही. असो.

ह्या मुलांपैकी कितीकांनी वाटेत आईला किंवा बापाला मूठमाती दिलेली. अशा मुलांना पोटभर जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळाले, म्हणजे सगळे झाले का? त्यांच्या वडीलधाऱ्यांना तसे वाटले नाही. त्यांनी शाळा पोलिश भाषेतून चालवल्या (ज्याला देश उरलेला नाही त्याने भाषा तरी धरून ठेवावी, हे भाषेच्या मास्तराला वेगळे सांगायला नको) आणि शाळेच्या जोडीला बालवीर-वीरबालांची पथके उभी केली. काही काळ ह्या पथकांचा प्रमुख होता झ्दिस्वाव पेशकोव्स्की नावाचा एक तरुण सैनिक. 1918 चा जन्म. म्हणजे तेव्हा पंचविशीतला. 1940 च्या वसंतात रशियनांनी सुमारे 22 हजार पोलिश कैदी गोळ्या घालून मारले. त्यांतल्या कोझेल्स्क छावणीतल्या अधिकाऱ्यांना कातीनच्या जंगलात नेऊन संपवले. त्या छावणीतून जे थोडे वाचले, त्यांत हा होता. सोबत्यांचे काय झाले ते कळल्यावर एखादा माणूस कायमचा भिंतीकडे तोंड करून बसला असता. हा पोरांना खांद्यावर पिशव्या अडकवून माळावर घेऊन निघाला.

मला ह्यात मोठे शहाणपण दिसते. ज्या मुलांना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढले, त्यांना आपल्या पायांनी बाहेर पडण्याची आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत येण्याची सवय पुन्हा लावायची होती. आपण तंबू ठोकायचा आणि आपणच तो उतरवायचा, म्हणजे मुक्काम हलला तरी जीव हलत नाही. पोलिश बालवीर एकमेकांना भेटले, की म्हणतात 'चुवाय'. अर्थ असा, की जागा राहा, सावध राहा. आपल्या गुरख्याचे 'जागते रहो' तेच; फरक एवढाच, की हे दहा वर्षांच्या पोराने दुसऱ्या दहा वर्षांच्या पोराला म्हणायचे.

"मग परत गेली का ती पोरं?" आजोबांनी विचारले. चहा निवून गेला होता.

फार थोडी. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे रशियाच्या हद्दीत गेलेली होती. 1948 पर्यंत वसाहत उठली. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला पांगले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि त्या छावणीचे गांधीनगर झाले. आष्ट्यातले कितीतरी बस्ते आज तिथूनच बांधले जातात. आजोबा एकदम सरसावून बसले. "म्हणजे आमच्या थोरल्याचा बस्ता तिथला!" नातीला त्यांनी परवानगी दिली, ती इतिहासाच्या गोडीने की बस्त्याच्या, हे मी विचारले नाही.

शनिवारी पन्हाळा. 2025 च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. पण तीन दरवाजापासून सज्जाकोठीपर्यंत आमच्या पस्तीस जणांनी जी पोती भरली, त्यांत वारशापेक्षा वेफर्सची पाकिटे जास्त होती. पोरे दमली, भांडली, भात करपवला आणि तोच मिटक्या मारीत खाल्ला. रविवारी कोल्हापुरात महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहिला. 2019 च्या सप्टेंबरात त्या मुलांपैकी काही जण पुन्हा कोल्हापूरला येऊन गेले. मुले कसली, नातवंडांची माणसे झालेली. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, हे सांगितल्यावर आमची पोरे जरा ताठ चालू लागली.

परतीच्या गाडीत आजोबांची ती नात बराच वेळ गप्प होती. वारणेच्या पुलावर म्हणाली, "सर, आमच्या मळ्याशेजारी दर वर्षी बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पोरं तिथंच असतात. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही."

गाडीतली गाणी थांबली. पाचटाच्या कोप्या आम्ही सगळेच रोज पाहतो. साखरशाळा हा शब्दही ऐकून आहोत.

तेव्हा आता दिवाळीनंतरचा तिसरा शनिवार ठरला आहे. खाऊचे पुडे वाटून फोटो काढायचे नाहीत, हे पोरांनीच बजावले. टोळीतल्या मुलांना गोटखिंडीजवळच्या मल्लिकार्जुनाच्या डोंगरावर न्यायचे, भात रांधायला त्यांनाच लावायचे. एका टोळीच्या मुकादमाशी फोनवर बोलून घेतले, तेव्हा एक अडचण निघाली. आया पहाटे अंधारात फडावर जातात आणि तान्ह्या भावंडांना सांभाळायला आठ-दहा वर्षांच्या मुली कोपीवर राहतात. त्या कशा येणार? म्हणून आमच्यातल्या चौघांनी त्या दिवशी डोंगरावर न येता कोप्यांपाशी थांबायचे ठरले. मुलींनी आधीच सांगून टाकले आहे, की हे काम मुलग्यांचे. झोळी कशी बांधायची, ह्यावर सध्या वसतिगृहात रोज वाद चालतो. एकाने तर घरून आजीचे जुने लुगडे मागवले आहे.